उपासना आणि रंजन : चर्चमधील कराओकेच्या निमित्तानें

इंग्लंड-अमेरिकेंतील अनेक चर्चांत अलीकडे एक नवा प्रघात पडला आहे. आठवड्याच्या शेवटीं एखाद्या सायंकाळीं चर्चला लागून असलेल्या सभागृहांत मंडळी जमतात, घरून आणलेले पदार्थ एकत्र बसून खातात, आणि मग कराओकेच्या यंत्रावर एकेक जण उठून गातो. कधीं छपराच्या दुरुस्तीसाठीं निधि जमवावयाचा असतो, कधीं तरुणांस चर्चची ओढ लागावी असा हेतु असतो, तर कधीं नुसता स्नेहमेळावा असतो. आमच्याकडील वसई, मुंबई व गोवें येथील ख्रिस्ती समाजांतहि कराओकेचा शौक सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा मेळाव्याच्या चालकांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं गाणीं कोणतीं ठेवावीं व कोणतीं वगळावीं? वरवर पाहतां हा प्रश्न एखाद्या किरकोळ समितीनें पांच मिनिटांत निकालांत काढावा इतकाच वाटेल. परंतु आपण गातों म्हणजे काय करितों, परक्याचे शब्द आपल्या तोंडीं घेतों तेव्हां त्यांची जबाबदारी कितपत पत्करतों, आणि भक्तीचें गाणें व करमणुकीचें गाणें यांत भेद कशाचा, हे जुने वाद त्यांत गुंतलेले आहेत. वाङ्मय व संगीत यांचा विचार करणाऱ्यांनीं त्याकडे पाठ फिरवूं नये, असें आम्हांस वाटतें.

कराओके हा शब्द जपानी आहे. 'कारा' म्हणजे रिकामें, आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्रा या शब्दाच्या जपानी रूपाचा तोडून घेतलेला आरंभ. तेव्हां 'रिकामा वाद्यवृंद' असा त्याचा अर्थ. अर्थात् वाद्यें असतात. रिकामी असते ती गायकाची जागा. कोबे शहरांतील दाइसुके इनोउए नांवाचा वादक मद्यगृहांतील गिऱ्हाइकांच्या गाण्यास साथ करीत असे. प्रवासास निघालेल्या एका गिऱ्हाइकानें 'तुमची साथ मला ध्वनिमुद्रित करून द्या' अशी मागणी केली, आणि त्यांतून नाणें टाकून चालणारें साथीचें यंत्र त्यास सुचलें. ही गोष्ट १९७१ सालची. यंत्राचा हा उगम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. साथीदार हाडामांसाचा असला कीं गाणारा अडखळतांच तो थबकतो, विसरलेली ओळ हळूच वाजवून सुचवितो, धांवणाऱ्यास आवरतो. आजचें यंत्र स्वर उंच-खालीं करून देतें, परंतु कोणासाठीं थांबत नाहीं. साथीदाराची ही दया नाहींशी झाल्यामुळें गाण्याच्या निवडीवर जो भार पूर्वीं नव्हता तो आतां पडला आहे. गाणें चुकीचें निवडलें, तर गाणाऱ्यास सांवरून घेणारें कोणी उरत नाहीं.

निवडीच्या बाबतींत दोन मतें सामान्यतः ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, जागा चर्चची आहे, तेव्हां गाणीं धार्मिकच असावींत. फार तर नाताळगीतें चालतील, बाकी सर्व वर्ज्य. दुसरें मत असें कीं, करमणूक ती करमणूक. अश्लील व शिवराळ तेवढें वगळावें आणि उरलेलें ज्याचें त्याच्या आवडीवर सोडावें. पहिल्या मतास शुचितेची चाड आहे आणि दुसऱ्यास माणसांची. परंतु दोघांचाहि हिशेब एकाच गोष्टीवर चालतो. तो म्हणजे गाण्याच्या अंगावर 'धार्मिक' किंवा 'लौकिक' यांपैकीं कोणती चिठ्ठी डकविली आहे, हें पाहण्यावर. आमचें मत या दोहोंहून निराळें आहे, आणि पहिल्या पक्षास तें विपरीत वाटण्याचा संभव आहे. आमच्या मतें चर्चमधील कराओकेस सर्वांत कमी योग्य असें जें गाणें, तें उपासनेचें गाणें होय. आणि सर्वांत योग्य तें प्रामाणिक लौकिक गाणें, मात्र तें सोबतच्या मंडळीस आपल्यांत ओढून घेणारें असलें पाहिजे.

हें मत कशावरून, तें सांगण्यासाठीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेपूर्वीं पश्चिम युरोपांतील चर्चच्या मुख्य उपासनेंत गाणें हें बहुतांशीं धर्मगुरु व शिकविलेले गायक यांच्याकडे असे, आणि तें लॅटिन भाषेंत असे. सामान्य माणूस ऐके. लूथरनें १५२४ पासून जर्मन भाषेंतील उपासनागीतें छापून लोकांच्या हातीं दिलीं. जिनीव्हांत कॅल्व्हिनच्या प्रेरणेनें दीडशेंच्या दीडशें स्तोत्रें फ्रेंच पद्यांत उतरविण्यांत आलीं आणि त्यांचा संपूर्ण संग्रह १५६२ सालीं निघाला. चर्चमध्यें तीं सर्वांनीं एकाच सुरांत व वाद्यांवांचून म्हणावयाचीं असत. इंग्लंड व स्कॉटलंड येथें पुष्कळांस वाचतां येत नसे; तेव्हां १६४५ सालच्या उपासनाविषयक मार्गदर्शिकेनें अशी सोय सांगितली कीं, एकानें ओळ वाचून दाखवावी आणि मग मंडळीनें ती गावी. आज कराओकेच्या पडद्यावर शब्द एकामागून एक रंग बदलीत पुढें सरकतात; त्या युक्तीचा हा पावणेचारशें वर्षांपूर्वींचा पूर्वजच म्हणावयाचा. भेद एवढाच कीं, त्या वेळीं ओळ पुरविली जाई ती शेंकडों मुखांस, आणि आतां ती पुरविली जाते ध्वनिक्षेपक धरून उभ्या असलेल्या एकट्यास.

जॉन वेस्लीनें १७६१ सालीं आपल्या अनुयायांस गाण्याविषयीं सात नियम घालून दिले. सर्वांनीं गावें, मोकळ्या गळ्यानें गावें, परंतु आपलाच आवाज इतरांहून वर ऐकूं यावा म्हणून ओरडूं नये, ताल सोडूं नये, आणि विशेषेंकरून प्रत्येक शब्द गातांना चित्त ईश्वराकडे असावें, असा त्यांचा आशय आहे. हे नियम वाचले म्हणजे कराओके व उपासना यांतील विरोध आपोआप उघड होतो. उपासनेंत एकाचा आवाज इतरांत मिसळून जावा अशी अपेक्षा असते. कराओकेंत तो इतरांहून निराळा ऐकूं यावा हीच सारी मौज. अडीचशें वर्षें खपून जी वस्तु चर्चनें एका गायकाच्या हातून काढून सर्वांच्या हातीं दिली, ती कराओकेचें यंत्र एका गायकाच्या हातीं परत देतें. करमणुकीपुरतें त्यांत कांहीं वावगें नाहीं. उपासनागीत मात्र त्या यंत्रावर चढवितांना आपण काय करीत आहों याची जाणीव ठेवणें अगत्याचें आहे.

आपल्याशीं प्रामाणिक राहून या प्रश्नाचा विचार ज्यांनीं प्रथम केला, त्यांत संत ऑगस्टिनची गणना करावी लागेल. इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागांत तो या विषयावर घुटमळला आहे. चर्चमधील गाण्यानें आपल्या डोळ्यांत पाणी आलें हें त्यास आठवतें, आणि म्हणून तें गाणें हितकर आहे असें तो म्हणतो. परंतु गायिलेल्या अर्थापेक्षां गायनच अधिक हृदयास भिडलें, तर तें आपलें पाप होय, अशा वेळीं न ऐकलेलें बरें, असेंहि तो कबूल करितो. एवढा मोठा तत्त्वज्ञ येथें निकाल देण्याच्या भानगडींत पडत नाहीं, दोन्ही टोंकांमध्यें हेलकावे घेत राहतो. त्याची ही अस्वस्थता आम्हांस आजच्या समितीच्या ठरावांहून अधिक उपयोगी वाटते. स्वराचें सुख आणि अर्थाची निष्ठा या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात, तशा परस्परांच्या जागाहि बळकावूं शकतात, हें त्यानें ओळखलें होतें.

आतां गाण्यांतील 'मी' कोण, याकडे वळूं. उपासनागीतांत 'मी' म्हणून जो बोलतो तो गाणारा स्वतःच असतो. त्या क्षणापुरता तरी तो त्या शब्दांस बांधलेला असतो. पश्चात्ताप गायिला तर तो त्याचा, शरणागति गायिली तर ती त्याची. करमणुकीच्या गाण्यांतला 'मी' हा नाटकांतल्या पात्रासारखा असतो. प्रेमभंगाचें गाणें म्हणणाऱ्या गृहस्थाची सहधर्मिणी समोर बसून टाळ्या वाजवीत असते, आणि कोणाचीहि फसवणूक होत नाहीं. कारण सोंग आहे हें दोघांसहि ठाऊक असतें. हे दोन्ही व्यवहार आपापल्या जागीं निर्मळ आहेत. सोंगाच्या जागीं प्रतिज्ञा आणली, कीं एक तर प्रतिज्ञेचें सोंग होतें किंवा श्रोत्यांचा हिरमोड होतो.

'अमेझिंग ग्रेस' या सुप्रसिद्ध गीताचें उदाहरण घ्या. त्याचा कर्ता जॉन न्यूटन हा आरंभीं खलाशी व गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. पुढें तो धर्मगुरु झाला, आणि हें गीत १७७९ सालच्या 'ओल्नी हिम्स' या संग्रहांत छापलें गेलें. आज जी चाल सर्वांच्या ओठीं आहे ती त्यास १८३५ मध्यें अमेरिकेंत लाभली. आमच्या वाचकांस सांगावयाचें तर ती भूपाच्या पांच स्वरांत बसते व एका सप्तकाबाहेर जात नाहीं. म्हणूनच ती कोणाहि गळ्यास जड जात नाहीं. संगीताच्या दृष्टीनें पाहिलें तर कराओकेस इतकें सोयीचें गाणें शोधून सांपडणार नाहीं. तरी पण त्याचा अर्थ काय? माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापारांत ज्यानें हात माखले, त्याची आपल्या पतनाची व उद्धाराची ही कबुली आहे. कराओकेच्या अनेक यंत्रांत गाणें संपतांच पडद्यावर गुण झळकतात. न्यूटनच्या पश्चात्तापास शंभरांपैकीं ब्याण्णव गुण पडावे आणि त्यावर सभागृहांत हंशा पिकावा, हा प्रकार कोणा भाविकास रुचेल? आणि रुचत नसेल, तर 'धार्मिक गाणीं तेवढीं ठेवा' या नियमानें आपण काय साधलें?

चिठ्ठी पाहून निवड करण्यांत आणखी एक धोका आहे. लेनर्ड कोहेनचें 'हॅलेलूया' हें गीत १९८४ सालचें. त्याच्या ध्रुवपदांत ईश्वरस्तुतीचा एकच हिब्रू शब्द पुनःपुन्हां येतो, आणि तेवढ्यावर भुलून तें पुष्कळ ठिकाणीं चर्चच्या कार्यक्रमांत येऊन बसलें आहे. परंतु त्याचीं कडवीं कोणी वाचतो काय? राजवाड्याच्या गच्चीवरून स्नान करणाऱ्या स्त्रीस पाहून मोहित झालेला दावीद राजा आणि केंस कापले जाऊन बलहीन झालेला शमशोन यांच्या कथांचे धागे त्यांत आहेत, आणि मुख्य विषय आहे तो विटलेल्या प्रेमाचा व भंगलेल्या श्रद्धेचा. काव्य म्हणून आम्ही त्यास उंच स्थान देऊं. त्यास उपासनागीत समजणें मात्र वाचनाचा अभाव आहे. कांहीं ठिकाणीं त्याचे शब्द बदलून नाताळगीत बनविण्यांत आलें; म्हणजे कवीचें दुःख काढून टाकून चाल तेवढी ठेवून घेतली! याउलट १९६३ सालीं गाजलेलें 'आय विल फॉलो हिम' हें एका तरुणीनें प्रियकरास उद्देशून म्हटलेलें साधें प्रेमगीत; १९९२ च्या 'सिस्टर ॲक्ट' या चित्रपटांत तेंच जोगिणींच्या तोंडीं घातलें, आणि शब्द जवळजवळ तेच राहूनहि सर्वनामाचा अर्थ आकाशाएवढा झाला. तेव्हां गाण्याची जात नांवावरून किंवा जन्मावरून ठरत नाहीं. कोण, कोठें व कोणास उद्देशून गातो यावरून ती ठरते.

मग लौकिक गाणीं सरसकट घ्यावीं काय? तसेंहि आमचें म्हणणें नाहीं. १९६९ सालीं फ्रँक सिनात्रानें लोकप्रिय केलेलें 'माय वे' हें गीत कराओकेच्या मैफलींत हटकून येतें. त्याची चाल एका फ्रेंच गीताची. इंग्रजी शब्द पॉल अँका याचे. आयुष्याच्या अखेरीस आलेला मनुष्य आपण सर्व कांहीं आपल्याच मनाप्रमाणें केलें याचा डांगोरा पिटतो, हा त्याचा विषय. नम्रतेचा त्यांत लवलेश नाहीं. चर्चच्या छताखालीं तें ऐकतांना कानास खटकेल हें खरें. परंतु तें वर्ज्य करावें अशी आमची सूचना नाहीं, कारण सोंग म्हणून तें सोंग सर्वांस कळतें. 'इमॅजिन' या १९७१ सालच्या गीताची गोष्ट निराळी. जॉन लेननची ती रचना स्वर्ग, नरक व धर्म यांवांचूनचें जग कल्पून पाहण्याचें आवाहन ऐकणारांस करिते. ती सोंग नसून मत आहे, आणि मनापासून मांडलेलें मत आहे. यजमानाच्या घरीं जेवावयास जाऊन त्याचें घर पाडण्याची कल्पना मांडणें जितपत शिष्टसंमत, तितपतच तें गाणें तेथें शोभेल. येथें निषेध गाण्याचा नाहीं. औचित्याचा विचार आहे, आणि औचित्य हा आमच्या साहित्यशास्त्राचा क्षेमेंद्रापासून चालत आलेला विषय आहे.

आतां ज्यांची शिफारस करावी अशीं गाणीं कोणतीं? बेन ई. किंग याचें १९६१ सालचें 'स्टँड बाय मी' आम्ही प्रथम सांगूं. वरकरणी तें प्रेमगीत आहे. परंतु चार्ल्स टिंडली या कृष्णवर्णी धर्मोपदेशकानें १९०५ च्या सुमारास त्याच नांवाचें उपासनागीत रचलें होतें, आणि किंगच्या गीताचें मूळ त्या परंपरेंत आहे. भूमि ढळली, डोंगर कोसळले तरी भय नाहीं, ही शेहेचाळिसाव्या स्तोत्राची भावना त्याच्या कडव्यांत अजून ओळखूं येते. ईश्वराचें नांव त्यांत नाहीं, म्हणून सोंगाची मुभा राहते. आणि एकानें दुसऱ्यास 'माझ्याजवळ उभा राहा' असें म्हणावें, यांत चर्चच्या जीवनास परकें असें कांहींच नाहीं. त्याच तोलाचें दुसरें गाणें म्हणजे बिल विदर्स याचें १९७२ सालचें 'लीन ऑन मी'. वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणीजवळच्या लहानशा वस्तींत तो जन्मला. अडचणींत एकानें दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकावी, आज तुझी पाळी तर उद्यां माझी, एवढाच त्या गाण्याचा अर्थ. आणि चाल इतकी सरळ कीं मुखडा षड्जापासून मध्यमापर्यंत पायरीपायरीनें चढतो व तसाच खालीं उतरतो. संगीताचें शिक्षण नसलेल्या मनुष्यानें लाज न वाटतां गावें यासाठींच जणूं तें रचलें आहे.

येथें गळ्याचा विचार आलाच. शिक्षण नसलेल्या आवाजाची सुखाची मर्यादा एका सप्तकाहून फार तर दोन-तीन स्वर अधिक असते. उपासनागीतांच्या जुन्या संग्राहकांस हें पक्कें ठाऊक असल्यामुळें त्यांनीं चाली त्याच कुंपणांत ठेविल्या. लोकप्रिय गीतांचे गायक मात्र व्यवसायानें गाणारे, आणि त्यांचीं गाणीं त्यांच्या पल्ल्यासाठीं बेतलेलीं. १९७० सालचें 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' हें अर्थानें कोणत्याहि चर्चमध्यें शोभण्यासारखें, दुःखिताच्या पायाखालीं स्वतः पूल होऊन पडण्याची भाषा बोलणारें गाणें. परंतु त्याचें शेवटचें कडवें जेथें चढतें तेथपर्यंत पोहोंचतां-पोहोंचतां हौशी गायकाची त्रेधा उडते. स्वर खालीं करून घेतला तर आरंभच ऐकूं येत नाहीं. अशीं गाणीं यादींत असावीं, परंतु ज्यास तीं झेपतात त्यानेंच घ्यावीं, असें चालकांनीं हळूच सुचवावें. लांबलचक वाद्यवादनाचे तुकडे असलेलीं गाणींहि टाळावीं; त्या अर्ध्या-पाऊण मिनिटांत हातांत ध्वनिक्षेपक धरून काय करावें हें न सुचल्यामुळें बिचारा गाणारा जो कानकोंडा होतो, तो पाहवत नाहीं. मुलें व वृद्ध एकत्र बसलेले असतां कोणते शब्द वर्ज्य, हें सुज्ञांस सांगणें नलगे.

गळ्याहूनहि महत्त्वाचें लक्षण म्हणजे ध्रुवपद. ज्या गाण्याचें ध्रुवपद श्रोत्यांस एकदां ऐकून उचलतां येतें, तें गाणें एकट्याचें राहत नाहीं. लाजाळू मनुष्य कडवें कसेंबसें ओढीत नेतो, आणि ध्रुवपद येतांच चाळीस-पन्नास आवाज त्याच्या पाठीशीं उभे राहतात. साथीदाराची जी दया यंत्रानें नाहींशी केली म्हणून आम्हीं वर म्हटलें, ती अशा रीतीनें मंडळीकडून परत येते. ज्या चर्चांत ऑर्गन वाजविणारा मिळत नाहीं म्हणून उपासनेलाहि ध्वनिमुद्रित साथ लावावी लागते, आणि मंडळी पुस्तक उघडून ओठ मिटून उभी राहते, तेथें तर या सायंकाळचें मोल फार आहे. रविवारीं ज्याचा आवाज शेजाऱ्याच्या कानींहि पडत नाहीं, तो शनिवारीं 'लीन ऑन मी' च्या ध्रुवपदांत सामील झाला, तर गाण्याची मोडलेली संवय पुन्हां लागण्याचा संभव आहे. करमणुकीनें उपासनेस करावयाचें साह्य असेल तर तें हेंच. तिनें उपासनेचे शब्द उसने घ्यावे, असा त्याचा अर्थ नाहीं.

मराठी वाचकास या ठिकाणीं आपल्याच दारांतील एक उदाहरण आठवल्यावांचून राहणार नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हां मराठी मंडळ्यांतून म्हटलीं जाणारीं गीतें पुष्कळशीं इंग्रजीवरून उतरविलेलीं व इंग्रजी चालींवर बसविलेलीं होतीं. टिळकांनीं ओवी, अभंग, भजन व कीर्तन हे घाट घेतले, आणि आपली ख्रिस्तभक्ति त्यांतून बोलविली. अभंगाच्या अंगावरील चिठ्ठी त्यांनीं पाहिली नाहीं. मराठी मनुष्य मनापासून बोलतो तेव्हां कोणत्या छंदांत बोलतो, हें पाहिलें. म्हणूनच त्यांचीं गीतें मराठी चर्चांत आजहि जिवंत आहेत. दुसरी गोष्ट अशी कीं, आमच्या भजनाचा घाटच मुळीं कराओकेच्या रोगावरील औषध आहे. बुवा पद धरतो, टाळकरी ध्रुपद उचलतात. बुवाचा आवाज बसला तरी भजन बसत नाहीं. एकाला पुढें उभें करून त्यास एकटें न पाडण्याची ही रीत आमच्या खेड्यापाड्यांत शेंकडों वर्षें चालू आहे.

आणि म्हणूनच हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. आमच्या शहरांतील गणेशोत्सवांतहि कराओकेचें यंत्र येऊन बसलें आहे, आणि तेथें मुद्रित साथीवर अभंग म्हणून बक्षिसें मिळवितां येतात. तुकोबांच्या आर्त वाणीस पहिला क्रमांक व दुसरा क्रमांक देणारे परीक्षक आणि न्यूटनच्या गीतास गुण देणारें यंत्र यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. शास्त्रीय संगीताच्या मैफलींत अभंग रंगतो, तेथें श्रोते व गायक दोघेहि त्या अर्थापुढें नमतात. स्पर्धेंत त्या अर्थाचें काय होतें, याचा विचार उत्सवाच्या चालकांनीं करावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. एखाद्या वृद्ध बाईस दुसरें कांहींच येत नाहीं, लहानपणापासून पाठ असलेलें उपासनागीतच तिला म्हणावयाचें आहे. तिला तुम्ही नाहीं म्हणणार काय? आम्ही नाहीं म्हणणार नाहीं. परंतु त्या वेळीं गुणफलक बंद करावा, आणि शक्य तर यंत्रहि बंद करून पेटीवर किंवा पियानोवर कोणीं तरी साथ करावी. नाहीं तर साथीवांचूनच तिला म्हणूं द्यावें. ती म्हणूं लागली कीं सभागृह आपोआप तिच्याबरोबर म्हणूं लागेल, आणि तें गाणें कराओके राहणार नाहीं. कायद्यानेंहि असाच भेद केला आहे, हें सांगण्यासारखें आहे: अमेरिकेंत उपासनेच्या ओघांत गायिल्या जाणाऱ्या धार्मिक गीतांस स्वामित्वहक्काच्या कायद्यांत जी सवलत आहे, ती सभागृहांतील करमणुकीस लागू पडत नाहीं. जी रेषा कायदेपंडितांस दिसली ती भाविकांस दिसूं नये, हें नवल होय.

तात्पर्य, चालकांनीं यादी हातीं घेऊन प्रत्येक गाण्यास तीन प्रश्न विचारावे. यांतील 'मी' हें उघड सोंग आहे, कीं ज्याची चेष्टा होऊं नये अशी प्रतिज्ञा आहे? साधा गळा तें पेलूं शकेल काय? आणि मंडळीस त्यांत शिरावयास दार आहे काय? कार्यक्रमाची मांडणीहि याच धोरणानें व्हावी. प्रथम हंसूं-खेळूं देणारीं, मग कांहीं गंभीर गाणीं. आणि शेवटीं यंत्र बंद करून, पडदा विझवून, सर्वांनीं मिळून एकच उपासनागीत म्हणावें. 'अबाइड विथ मी' यास फार योग्य. हेन्री लाइटचे शब्द १८४७ सालचे, मंकची चाल १८६१ ची. आमच्या गांधीजींस तें प्रिय होतें, आणि दिल्लीच्या 'बीटिंग रिट्रीट' सोहळ्यांत तें २०२२ मध्यें वगळलें जाईपर्यंत वर्षानुवर्षें वाजत असे. इंग्लंडांत फुटबॉलच्या चषकाचा अंतिम सामना सुरू होण्यापूर्वीं १९२७ पासून हजारों प्रेक्षक तें गात आले आहेत. त्यांतील कित्येक चर्चचें तोंड क्वचितच पाहत असतील. तरीहि तें गाणें तेथें हलकें होत नाहीं, कारण तें कोणा एकाचें प्रदर्शन नसतें.

चर्चच्या सभागृहांत कराओके असावें कीं नसावें, हा वाद ज्यांचा त्यांनीं करावा. असावें असें ठरलें, तर सोंगास सोंगाची आणि प्रार्थनेस प्रार्थनेची जागा मिळेल इतकी काळजी घेतली गेली पाहिजे. तेवढी घेतली, तर एरवीं ओठ मिटून बसणारीं माणसें परस्परांच्या देखत गाऊं लागतील. आणि ज्या काळांत गाणें विकत घेऊन एकट्यानें कानांत घालून ऐकण्याची वस्तु झाली आहे, त्या काळांत ही कांहीं थोडी मिळकत नव्हे.